तीन माणसांची लाट

मावशीकडे इस्त्रीला कोट यायचे, शर्ट यायचे, टायसुद्धा यायचे. पँट म्हणून कधी आली नाही. दुकानासमोरच्या तीन मजली इमारतीत बातम्यांचं चॅनल होतं आणि तिथल्या बातम्या सांगणाऱ्या साहेबलोकांचा गठ्ठा रोज सकाळी तिच्या टेबलावर येऊन पडायचा. कॉलर करकरीत पाहिजे, खांदे ताठ पाहिजेत, अशी सोबत तंबी. "वर एवढा थाट, आणि खाली काय नेसतात कोण जाणे," मावशी नवऱ्याला म्हणायची. नवरा हुंकार द्यायचा. दिवसाकाठी दहा-बारा शब्दांत भागवणारा तो माणूस. सायकलवरून गठ्ठे पोचवायचे आणि उरलेल्या वेळात बायकोचं ऐकायचं, हा त्याचा दिनक्रम. ऐकायला भरपूर असायचं.

मावशीचं माहेर नदीकाठचं. घर या काठाला, शेत त्या काठाला, आणि होडी दिवसातून दोनदाच. बापाला जेवायला बोलवायचं म्हणजे पोरांनी काठावर उभं राहून हाक मारायची. चार भावंडांत हिचीच हाक पलीकडे पोचायची, बाकीच्यांची निम्म्या पाण्यात बुडायची. शहरात येऊन तीस वर्षं झाली, नदी मागं राहिली, बापही गेला, पण गळा तोच राहिला. सहा बाय आठच्या दुकानात तो मावायचा नाही. ती नवऱ्याला "ऐकलं का" म्हणायची तेव्हा चार दुकानं सोडून बसलेला चावीवाला "काय?" म्हणायचा.

दुकानाच्या मागं दोन खोल्या होत्या, तिथं नवरा-बायको आणि भाची. भाची म्हणजे थोरल्या बहिणीची मुलगी. नर्सिंगचं शिकायला म्हणून आली ती राहिली. आता शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नर्स होती. अख्खी गल्ली मावशीला मावशी म्हणायची, पण हक्काची भाची ही एकच. मूलबाळ नसल्यामुळे मावशीचे लाड आणि मावशीची बोलणी, दोन्ही तिच्या एकटीच्या वाट्याला यायची. सगळ्यात जास्त बोलणी डब्यावरून. मावशीनं पहाटे उठून भरलेला डबा संध्याकाळी जसाच्या तसा परत यायचा.

"वेळच नाही झाला गं."

"घास तोंडात घालायला असा किती वेळ लागतो? एवढ्या वेळात माझी बाहीसुद्धा होत नाही."

आता मावशी टीव्हीवर कशी गेली ते सांगायला हवं. निमित्त पाण्याचं. गल्लीत पाच दिवस नळ कोरडे होते आणि चॅनलचा वार्ताहर बातमी करायला आला होता. चॅनलचं नाव लिहिलेल्या माइकच्या ठोकळ्याला ते लोक बूम म्हणतात, म्हणून गल्लीनं त्याचं नाव बूमवाला ठेवलं होतं. चाळिशीचा, डोक्यावरचे केस गेलेला, सदा घामाघूम. तो येऊन मावशीच्या घडी घातलेल्या शर्टांवर कोपर टेकून उभा राहिला. मावशीनं आधी त्याला सोलून काढलं आणि मग त्याच दमात पाणीखात्याला. बूमवाल्यानं पहिल्यांदा कॅमेरावाल्याला डोळ्यानं खुणावलं, माफी नंतर मागितली. बातमी लागली आणि तिसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं. मावशीला वाटलं, आपली हाक पुन्हा पलीकडच्या काठाला पोचली.

बूमवाल्याला मात्र त्यातून वेगळंच काही उमगलं. जनतेचा राग गोळा करायला एवढं शहर पालथं घालायची गरजच नव्हती. वरून हुकूम सुटला, 'लोकांची प्रतिक्रिया आणा', की तो तीन जिने उतरायचा आणि रस्ता ओलांडायचा. लोक तिथंच होते.

हळूहळू वाटण्या झाल्या. महागाई चहावाल्याकडे. तो स्वतः दर तीन महिन्यांनी चहाचा भाव वाढवायचा, पण महागाईवर बोलताना त्याचे डोळे भरून यायचे. खड्डे, वीज, कचरा हे चावीवाल्याकडे. चावीवाला मूळचा गरीब जीव, रागवा म्हटलं की हसायचा. मग त्याच्या हातात एक मोठं कुलूप द्यायचे. ते आवळून धरलं की कपाळावरची शीर उठायची आणि काम भागायचं. आणि माणुसकी, संस्कार, लेकीबाळी, म्हातारीकोतारी, हे सगळं खातं मावशीचं. कधी तिला दुकानापुढं उभी करायचे, कधी कोपऱ्यावरच्या बँकेच्या भिंतीपुढं, कधी डोक्याला रुमाल बांधून पाठमोरी. टीव्ही बघणाऱ्याला वाटायचं, शहर पेटलंय.

बूमवाल्याचं कसब प्रश्नात होतं. तो राग विचारायचा नाही, कालवून आणायचा. मावशीनं नुसतं तोंड उघडायचं. "मावशी, ज्या मुलानं म्हाताऱ्या आईला पावसात घराबाहेर काढलं, त्याला काय म्हणाल?" यावर कोण काय वेगळं म्हणणार? कुठली आई, कुठला मुलगा, हे विचारायचं मावशीला सुचायचं नाही, आणि सुचलं तरी हातातली इस्त्री तापलेली असायची. पहिल्यांदा बोलून झालं की बूमवाला मान हलवायचा. "थंड गेलं मावशी. परत एकदा. आपल्याच घरातलं समजा." मावशी घरातलं समजायची आणि दुसऱ्यांदा बोलायची. तेव्हा समोरच्या तारेवरची कबुतरं उडायची.

संध्याकाळी भाची चिडवायची, "आज कुणाला झोडपलंस?"

"नाव नाही माहीत. पण होता नालायक."

असं तीन वर्षं मजेत चाललं.

मग तो मंगळवार आला. भाची आदल्या दिवशी दुपारी कामावर गेली होती. दुसरी नर्स आजारी पडली, तिची पाळीही हिच्याच गळ्यात पडली आणि रात्र तिथंच गेली. सकाळी नवऱ्यानं सायकलवरून डबा पोचवला आणि मावशीनं फोनवर दम भरला, "आज डबा भरलेला परत आला ना, तर मी स्वतः तिथं येऊन तुला भरवीन. सगळ्या वॉर्डासमोर."

"खाते गं बाई, खाते."

अकराच्या पुढं बूमवाला धापा टाकत आला. "मावशी, हातातलं ठेवा."

"ठेवत नाही, कोट जळेल. बोल."

"दवाखान्यात पेशंट खाटेवर तळमळतोय, ओरडतोय, आणि नर्स बाजूला डबा खातेय. व्हिडिओ फिरतोय सगळीकडे."

"बघू."

"माझा फोन मरायला टेकलाय, नंतर दाखवतो. बाराला चालवायचंय. आपल्याच घरातलं माणूस त्या खाटेवर असतं, तर?"

शहरात दवाखाने काय कमी होते? मावशीनं इस्त्री उभी केली, डोक्यावर पदर नाही नि रुमाल नाही, होती तशीच कॅमेऱ्यापुढं आली. "माणूस तिकडं जिवाच्या आकांतानं ओरडतोय आणि हिला घास गोड लागतो? हिला नर्स म्हणतं कोण? तिचा डबा द्या तिच्या हातात आणि घरी बसवा कायमची. बस म्हणावं घरी, खात."

दुसऱ्यांदा बोलायची वेळच आली नाही. तीन वर्षांत कधी चांगलं न म्हणालेल्या कॅमेरावाल्यानं अंगठा वर केला.

बाराला ते लागलं आणि मग लागतच राहिलं. खाली लाल पट्टी, 'जनतेत संतापाची लाट'. त्याच्या आजूबाजूला फ्रिजची जाहिरात, केसांच्या तेलाची, विम्याची. चार वाजेपर्यंत तीस वेळा मावशी म्हणाली, घरी बसवा. रस्त्यानं जाणारे हात करून गेले. एक रिक्षावाला थांबून म्हणाला, "बोललात बरं का." मावशीनं खुशीत त्याच्या शर्टाची कॉलर फुकट दाबून दिली.

साडेपाचला नवरा परतला. सायकल स्टँडला लावली, गठ्ठे उतरवलेच नाहीत.

"तू तो व्हिडिओ बघितलास?" त्यानं विचारलं.

"मला काय बघायचाय? मीच तर बोलले."

"डबा बघ." त्यानं फोन पुढं केला.

बाईचा चेहरा चॅनलनं पुसट केला होता, पण डब्यावर कुणी हात फिरवला नव्हता. डब्याखाली निळ्या चौकड्यांचा रुमाल धरलेला होता. कुणीतरी दोन वर्षं न नेलेल्या शर्टाचा तो रुमाल मावशीनं स्वतः कापून, कडा दुमडून शिवला होता. तिनं फोन उलटा करून टेबलावर ठेवला. पुढं बघायचा धीर झाला नाही.

भाची सहाला आली. अंगावर साधे कपडे, युनिफॉर्म पिशवीत. तिनं पिशवी खुंटीला अडकवली, तोंड धुतलं आणि दुकानात येऊन उभी राहिली.

"घरी बसवलंय. शुक्रवारी चौकशी आहे, त्यात ठरेल नोकरी राहते का जाते ते."

"अगं पण तू..."

"इंजेक्शन देऊन झालं होतं. दुखणं थांबायला पंधरा-वीस मिनिटं जातात, तोवर देवही काही करू शकत नाही. डॉक्टर बघून गेले होते. सतरा तास पोटात काही नव्हतं, म्हणून डबा उघडला. त्याचा भाऊ घाबरला होता, त्यानं फोन काढला."

"मग हे सांगितलं का नाहीस कुणाला?"

"विचारलं कुणी?" भाचीनं टॉवेलची घडी घातली. "बाराला मी एका आजोबांचा ताप बघत होते. वॉर्डात टीव्ही आहे. तुमचा आवाज आला. सगळे पेशंट बघायला लागले, मीही बघितलं."

भाचीनं मावशीला जन्मात 'तू' सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. तिनं आरडाओरडा केला असता तर मावशीला उत्तर देता आलं असतं. ती नीट, हळू बोलली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी मावशी कोटांचा गठ्ठा स्वतः घेऊन चॅनलच्या तिसऱ्या मजल्यावर गेली. इतक्या वर्षांत ती आत कधी गेली नव्हती. काचेपलीकडे बातम्या सांगणारे साहेब टेबलावर हात आपटून, समाजाला काही लाज उरली आहे का, असं विचारत होते. वर मावशीच्या हातचा करकरीत कोट, खाली गुडघ्यापर्यंतची चड्डी आणि रबरी चपला.

संपादक मवाळ माणूस निघाला. कोमट पाणी प्यायचा आणि आवाज कधी चढवायचा नाही. त्यानं मावशीला खुर्ची दिली आणि भिंतीवरचा पडदा दाखवला. पडद्यावर, किती लोक बघतायत ते दाखवणारी एक रेघ होती. कुणी ओरडलं की चढायची, श्वास घ्यायला थांबलं की उतरायची. कालच्या बारा वाजता ती उभीच्या उभी छताकडे गेली होती.

"ही तुम्ही," संपादक कौतुकानं म्हणाला.

"ती नर्स माझी भाची आहे. ती इंजेक्शन देऊन बसली होती. चुकीचं दाखवलं म्हणून सांगा."

"सांगू ना. खालच्या पट्टीत, तीन वाजता, एक ओळ."

"आणि 'घरी बसवा' तीस वेळा?"

"ते लोक बघतात म्हणून लागतं, मावशी. आमचं कुणाशी वैर नाही. हे बघा, खूश माणूस उठून कामाला लागतो. दुःखी माणूस टीव्ही बंद करतो. चिडलेला मात्र जागचा हलत नाही. जाहिराती लागल्या तरी बसून राहतो, कारण त्याला अजून चिडायचं असतं. त्या जाहिरातींवर आमची चूल पेटते."

"म्हणजे तुम्ही फ्रिज विकता."

"फ्रिज, तेल, विमा. आम्ही आपले लोकांना बसवून ठेवतो." तो पाण्याचा घोट घेऊन पुढं झुकला. "तुमचं काम मी करतो. दोन रस्ते आहेत. पहिला, उद्या संध्याकाळी तुम्ही आणि भाची दोघी समोरासमोर, 'मावशी विरुद्ध भाची'. शहर बसून बघेल."

"दुसरा?"

"दुसरा जास्त चांगला. तो व्हिडिओ काढणारा भाऊ. पेशंटला धीर द्यायचा सोडून शूटिंग करत बसला. माणुसकी कुठं गेली? हे तर तुमच्याच खात्यातलं. तुम्ही त्याच्यावर एकदा सुटलात की सगळं वारं फिरेल. परवा भाची कामावर."

हे मावशीच्या मनात उतरलं. खोटं कशाला बोला? जिभेवर शब्द येऊन उभेसुद्धा राहिले, आणि चांगले होते. पण कालचा दिवस ताजा होता. "घरी विचारून सांगते," ती म्हणाली. हे वाक्य तिनं लग्नानंतर पहिल्यांदा उच्चारलं असेल.

भाचीनं ऐकून घेतलं. "तो भाऊ हमाली करतो. रोज रात्री येऊन पेशंटचे पाय चेपत बसतो. काल माझ्या पाया पडायला आला होता. त्याच्यावर चॅनल सोडणार तुम्ही?"

"मग तुझी नोकरी?"

"त्याची भाकर घालवून नको मला."

तिनं चौकशीचं पत्र टेबलावर ठेवलं. त्यात दोन मुद्दे होते. पहिला, कामावर असताना रुग्णाकडे दुर्लक्ष. दुसरा, या प्रकारामुळे जनतेत उसळलेल्या संतापाच्या लाटेने दवाखान्याच्या नावास लागलेला बट्टा.

"पहिल्याला उत्तर आहे," भाची म्हणाली. "इंजेक्शनची वेळ चार्टवर लिहिलेली आहे. दुसऱ्याला मी काय उत्तर देणार? लाटेला कुणी उत्तर देतं का?"

मावशीनं ते वाक्य तीनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "जनतेत म्हणजे कुणात?"

तिघांनी मिळून फोनवर ती बातमी पहिल्यांदा नीट बघितली. पहिली मावशी. दुसरा हातात कुलूप आवळलेला चावीवाला, त्याच्या नावाखाली लिहिलेलं, 'रुग्णांच्या हक्कांसाठी झटणारे'. तिसरा चहावाला, डोळे भरलेले, खाली 'संतप्त नातेवाईक'. मग परत मावशी, या वेळी जुनीच, पाठमोरी, रुमाल बांधलेली. ती गेल्या वर्षीची होती.

"तीनच," नवरा म्हणाला.

"तीनच," मावशी म्हणाली आणि चपला घालून बाहेर पडली.

चहावाला आढेवेढे घ्यायला लागला. "मावशी, मी टीव्हीवर दिसलो की दुपारी वीस कप जास्त जातात. तिथं जाऊन मी काय सांगू, बघितलं नव्हतं म्हणून?"

"नव्हतंसच बघितलं."

"तू तरी कुठं बघितलंस?"

"म्हणून तर दोघं जाऊ. आणि तुझी आई गेल्या वर्षी त्याच वॉर्डात महिनाभर होती. तिची वेणी कोण घालायचं रे?"

चहावाला पातेल्यात ढवळत राहिला, ढवळायला काही नव्हतं तरी. मग म्हणाला, "किती वाजता?"

चावीवाल्यानं एवढंच विचारलं, "मला रागवावं लागेल का?"

"नाही."

"मग येतो."

शुक्रवारी तिघं दवाखान्यात जाऊन पोचली. चौकशीच्या खोलीच्या दाराशी शिपायानं अडवलं. "आत चौकशी चालू आहे. तुम्ही कोण?"

"आम्ही लाट," मावशी म्हणाली. आवाज तिचाच असल्यामुळे तो शिपायाला ऐकू गेला आणि बंद दारापलीकडेही. आतून कुणीतरी म्हणालं, पाठवा त्यांना.

लांब टेबलामागं तिघं जण होते. मधल्या मोठ्या डॉक्टरीणबाई, पिकलेले केस, नाकावर घसरलेला चष्मा. डावीकडे फाइल घेतलेले साहेब, उजवीकडे एक बाई लिहून घेत होत्या. भाची समोरच्या खुर्चीत ताठ बसली होती. मावशीला बघून तिनं डोळे मिटले.

"काय म्हणालात आपण?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बाई, तुमच्या पत्रात लिहिलंय ना, जनतेत लाट उसळली म्हणून? ती आम्ही. हा चहावाला, हा चावीवाला, मी इस्त्रीवाली. तिघं एका गल्लीतली, चॅनलच्या समोरची."

"आणि बाकीची जनता?"

"बाकीची कामाला गेली होती."

लिहून घेणाऱ्या बाईंनी पेन थांबवलं. फाइलवाले साहेब म्हणाले, "हे काय चाललंय? शहरभर संताप आहे. आपल्याकडे अकरा फोन आलेत."

"टीव्हीवर लागायच्या आधी किती आले?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

साहेबांनी फाइल चाळली. "आधी नाही."

"तुम्ही व्हिडिओ बघितला होता?" डॉक्टरीणबाईंनी चहावाल्याला विचारलं.

"नाही बाई."

"नातेवाईक आहात पेशंटचे?"

"मी पेशंटला ओळखत नाही. ते त्यांनीच लिहिलं."

"आणि तुम्ही?"

चावीवाला उठून उभा राहिला. "मला तर नर्सचं आहे हेही माहीत नव्हतं, मॅडम. मला वाटलं, खड्ड्यांचं असेल. मी म्हणालो, लोकांनी किती दिवस सहन करायचं. ते कुठंही चालतं."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला, पुसायला जरा जास्त वेळ घेतला. मग त्यांनी लॅपटॉप फिरवून तिघांसमोर ठेवला. "आता बघा."

व्हिडिओ चौदा सेकंदांचा होता. पेशंट ओरडत होता, ते खरं. नर्स खात होती, तेही खरं. पण ती खाटेच्या पायथ्याशी उभी होती. एका हातात डबा, दुसऱ्या हातातला घास तोंडापर्यंत न्यायची, आणि नजर सगळा वेळ पेशंटवर. एकदा तिनं घास तसाच परत डब्यात ठेवला आणि पुढं होऊन त्याची नाडी बघितली. चॅनलवर तेवढं कापलं होतं.

"काही म्हणायचंय?" डॉक्टरीणबाईंनी मावशीला विचारलं.

मावशी बोलली, आणि ते ऐकायला लिहिणाऱ्या बाईंना पुढं वाकावं लागलं. "ती खात का होती ते सांगते. सकाळी मी दम दिला होता, खाल्लं नाहीस तर वॉर्डात येऊन भरवीन म्हणून. ती माझी भाची आहे. दुपारी मीच म्हणाले, हिला घरी बसवा. मी काहीही बघितलं नव्हतं. त्यानं म्हटलं, आपल्या घरातलं समजा, आणि मी खाटेवरचा माणूस घरातला समजले. उभी होती ती घरातली असेल, हे डोक्यात आलं नाही."

"अहो, पण लोकांचं मत—" फाइलवाले साहेब म्हणाले.

"लोक इथं बसलेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "विचारा."

साहेबांनी फाइल मिटली. बाईंनी चार्ट वाचला, इंजेक्शनची वेळ बघितली, व्हिडिओची वेळ बघितली आणि सोमवारपासून कामावर या म्हणून सांगितलं. पुढं म्हणाल्या, जेवण मात्र नर्सच्या खोलीत बसून करायचं.

"त्या खोलीत सलाइनचे खोके रचलेत, मॅडम," भाची म्हणाली. "दार उघडत नाही."

बाईंनी साहेबांकडे बघितलं. "खोके हलवा."

फाटकाशी बूमवाला कॅमेरा लावून उभा होता. "मावशी, अभिनंदन. 'जनतेपुढं दवाखाना झुकला' असं चालवायचंय. दोनच वाक्यं द्या, जरा कडक."

मावशी चालत राहिली. चहावाला क्षणभर घुटमळला, केसांवरून हात फिरवला, मग तोही मागोमाग निघाला.

"अहो, तुमच्याशिवाय मी जनता आणू कुठून?" बूमवाला ओरडला.

"शहर मोठं आहे. चालायला लाग," मावशी मागं न बघता म्हणाली.

तो फार लांब गेला नाही. आठवड्याभरात त्याला पलीकडच्या गल्लीत एक न्हावी सापडला. वस्तऱ्यावर हात हलका, पण तोंड जड. आता लाट तिकडं उसळते. चॅनलचे कोट मावशीकडेच येतात. दुसरं कुणी खांदे तसे ताठ करून देत नाही.

नोकरी राहिली, तरी घरातलं बिनसलेलं बिनसलेलंच होतं. भाची वेळेवर यायची, जायची. "हो मावशी." "ठेवा तिथं." "तुम्ही जेवून घ्या." परक्याच्या घरी राहावं तसं तिचं चाललं होतं. मावशीनं आवडीचं करून बघितलं, गप्प बसून बघितलं. गप्प बसणं तिला अजिबात जमलं नाही. एकदा तर सरळ म्हणाली, "दोन शिव्या घाल, पण हे अहो-जाहो बंद कर." भाची म्हणाली, "असं काही नाही," आणि कपडे वाळत घालायला गेली.

तीन रविवार असे गेले. चौथ्या रविवारी दुपारी मावशी कोट दाबत होती, भाची शेजारी बटणं लावत होती. मावशी सहज म्हणून गेली, "ते आजोबा, ज्यांचा ताप बघत होतीस, ते बरे आहेत का गं?"

भाचीची सुई थांबली. "त्यांनी माझ्याकडून थर्मामीटर लावून घ्यायचं नाकारलं," ती म्हणाली. "टीव्हीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, दुसरी कुणी आहे का. कळतंय का तुला? रोज मला बाळ म्हणणारा माणूस."

आणि मग ती सुटली. नदीकाठचा तो गळा थोरल्या बहिणीला चुकवून तिच्या मुलीकडे उतरला होता, हे इतक्या वर्षांत कुणाला कळलं नव्हतं. तू विचारलं का नाहीस, कुठला दवाखाना एवढं तरी विचारायचंस, तीस वेळा ऐकलं मी, तीस वेळा, तिथं उभी राहून. आणि घरी आले तर तू मलाच विचारतेस, सांगितलं का नाहीस म्हणून. चहावाल्याच्या हातातला कप थांबला. चावीवाला "काय?" म्हणत बाहेर आला. समोरच्या इमारतीची एक खिडकी उघडली आणि तीन जिन्यांवर पावलं वाजली.

बूमवाला रस्ता ओलांडताना दिसला, मागं कॅमेरावाला. मावशीनं इस्त्रीचं बटण बंद केलं, दोन ढांगांत दाराशी गेली आणि शटरला लोंबकळून ते खाली ओढलं. नवरा गठ्ठे घेऊन आलेला बाहेरच राहिला, पण त्याला इलाज नव्हता.

"मावशी, आत काय चाललंय? उघडा ना, एकच मिनिट," बाहेरून बूमवाला शटर वाजवायला लागला.

"आमच्या घरातलं आहे," मावशी आतून म्हणाली. "तुला नाही मिळायचं."

आत अंधारलं होतं आणि इस्त्रीची ऊब होती. भाची दम खायला थांबली होती, तोंड लाल, हातात अजून ती सुई. मावशी टेबलाजवळचं स्टूल ओढून तिच्यासमोर बसली.

"झालं?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग चालू दे."